वरिष्ठ पदाची नोकरी आणि मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा-वीस वर्षं नोकरी करून आता विभागप्रमुख, उपाध्यक्ष, सीएफओ (वित्तप्रमुख) किंवा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) अशा खुर्च्यांकडे निघालेले लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पानभर लिहावं लागतं. तसंच लिहिलं आहे.

वरिष्ठ पदाची मुलाखत आधीच्या मुलाखतींपेक्षा वेगळी कशी?

सुरुवातीच्या नोकऱ्यांत समोरच्याला बघायचं असतं की तुम्हाला काम येतं का. वरच्या पदासाठी ते गृहीतच असतं; काम येत नसतं तर तुमचं नाव यादीत आलंच नसतं. आता त्यांच्या मनात दुसरीच धाकधूक असते: हा माणूस घेतला आणि चुकलं तर केवढ्याला पडेल? चुकीचा प्रमुख आला की वर्ष-दीड वर्ष वाया जातं, त्याच्या हाताखालची दोन-चार चांगली माणसं सोडून जातात, आणि ज्याने निवड केली त्याला बोर्डापुढे तोंड द्यावं लागतं.

म्हणून ते तुमच्या पदांपेक्षा तुमचे निर्णय चाचपून बघतात. माहिती अर्धवट असताना तुम्ही काय ठरवलंत, कोणाची नाराजी ओढवून घेतलीत, कुठे माघार घेतलीत? हे सरळ, आकड्यांनिशी आणि न फुगवता सांगता येणं हीच या पातळीवरची खरी तयारी. टाय कुठला बांधावा हा प्रश्न फार नंतरचा.

मी कित्येक वर्षांत नोकरी शोधलेलीच नाही. सुरुवात कुठून करू?

सीव्हीपासून करू नका. आधी एका वहीत गेल्या दहा वर्षांतले असे आठ-दहा निर्णय लिहून काढा, ज्यांची जबाबदारी तुमच्या डोक्यावर होती. प्रत्येकाखाली चार गोष्टी हव्यात: तेव्हाची परिस्थिती, हातात असलेले पर्याय, तुम्ही काय निवडलंत आणि का, आणि पुढे काय झालं. 'विक्री चांगली वाढली' असं लिहू नका. किती, किती काळात, आणि त्याच काळात बाजार किती वाढला होता तेही लिहा. बाजारच वीस टक्क्यांनी वाढला असेल तर तुमची अठरा टक्के वाढ ही पिछेहाट आहे, आणि समोरच्याला हे गणित येतं.

हे लिहिताना दोन गोष्टी लक्षात येतात. ज्या कामाचा आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान असतो, त्याचा बराचसा भाग आपल्या आधीच्या माणसाने उभा केलेला असतो. आणि काही महत्त्वाचे निर्णय आपण चक्क विसरून गेलेलो असतो: वेळेवर बंद केलेला प्रकल्प, शेवटच्या टप्प्यावर नाकारलेली कंपनीची खरेदी. न केलेल्या गोष्टी सीव्हीत येत नाहीत, पण बोर्डावरच्या मंडळींना त्यांतच जास्त रस असतो.

एक खबरदारी: आकडे गोळा करताना कंपनीच्या गोपनीय फाइली घरी नेऊ नका. प्रसिद्ध झालेले आकडे, टक्केवारी आणि ढोबळ प्रमाण एवढं पुरतं.

हेडहंटर नेमका कोणासाठी काम करतो?

कंपनीसाठी. वरच्या जागांसाठी माणसं शोधून देणाऱ्या या माणसाला किंवा त्याच्या फर्मला पैसे कंपनी देते, त्यामुळे निष्ठाही तिच्याशीच. हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मी चिडचिड कमी होते. तुम्हाला नोकरी मिळवून देणं हे त्याचं कामच नाही. कंपनीला माणूस मिळवून देणं हे त्याचं काम.

यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात फर्मला माणूस रुजू झाल्यावरच फी मिळते. मधल्या फळीतल्या बहुतेक भरत्या अशा होतात. एकाच जागेवर दोन-तीन फर्म धावत असतात आणि सीव्ही भराभर पुढे ढकलले जातात. दुसऱ्या प्रकारात कंपनी एकाच फर्मला काम सोपवते आणि फी हप्त्याहप्त्याने देते, ती साधारणपणे त्या पदाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. सीईओ आणि त्याखालच्या एक-दोन पायऱ्यांच्या जागा बहुधा अशाच भरल्या जातात. या क्षेत्रातली जुनी नावं म्हणजे १९५३ साली सुरू झालेली हायड्रिक अँड स्ट्रगल्स, १९५६ची स्पेन्सर स्टुअर्ट, १९६४ची एगॉन झेंडर, आणि १९६९ची कॉर्न फेरी व रसेल रेनॉल्ड्स.

फोन आला की बिनदिक्कत विचारा: 'हे काम फक्त तुमच्याकडेच आहे का?' उत्तरावरून किती वेळ द्यायचा ते ठरवा.

आणखी एक गोष्ट सहसा बाहेर कोणी बोलत नाही. मोठ्या सर्च फर्म ज्या कंपनीचं काम करतात, त्या कंपनीतली माणसं ठरावीक काळ फोडत नाहीत. तसं त्यांनी कबूल केलेलं असतं. म्हणजे तुमची सध्याची कंपनी एखाद्या फर्मची मोठी गिऱ्हाईक असेल, तर त्या फर्मचा फोन तुम्हाला येणारच नाही. तुमच्यात खोट आहे म्हणून नव्हे, तर त्यांचे हात बांधलेले आहेत म्हणून. यावर उपाय साधा आहे: एकाच फर्मच्या भरवशावर राहू नका.

फोन आला, पण मला सध्या बदल करायचा नाही. मग?

पाच मिनिटं बोला. पदाबद्दल ऐकून घ्या, तुमचं 'नाही' का ते सांगा आणि जमलं तर एखादं योग्य नाव सुचवा, अर्थात त्या व्यक्तीला आधी विचारून. गरज नसताना नीट बोललेला माणूस हेडहंटरच्या लक्षात राहतो.

चांगल्या जागा ओळखीतूनच भरतात म्हणे. माझ्या तर फारशा ओळखी नाहीत.

ओळखी म्हणजे जिवलग मित्र अशी समजूत असेल तर ती सोडा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर एक लेख लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांपैकी १६.७ टक्के लोकच त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून, आणि २७.८ टक्के क्वचितच. नमुना लहान होता, पण २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेला मोठा प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्याचाही कल तोच निघाला: नोकरी बदलायला जवळच्या घट्ट नात्यांपेक्षा बऱ्यापैकी सैल ओळखींचाच जास्त उपयोग झाला. अगदी नावापुरत्या ओळखींचा मात्र नाही.

कारण उघड आहे. जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे तुम्हाला ठाऊक असतं. बातमी येते ती आठ वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याकडून, जुन्या पुरवठादाराकडून, एखाद्या ऑडिटरकडून. अशा लोकांना 'नोकरी आहे का' असं विचारू नका. त्यांच्याकडे ती नसते आणि ते अवघडतात. 'तुमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय, वीस मिनिटं बोलू या का' एवढं म्हणा. आणि हे नोकरी जायच्या आधी सुरू करा.

सीव्ही किती पानांचा हवा?

दोन, फार तर तीन. शेवटच्या दहा-बारा वर्षांना जागा द्या, त्याआधीचं पाच ओळींत. प्रत्येक पदाखाली आधी व्याप लिहा: किती माणसं, केवढं बजेट, नफा-तोटा तुमच्याकडे होता की नव्हता, रिपोर्टिंग कोणाला. नंतर तीन-चार ठळक निकाल. 'दूरदृष्टी असलेला नेता' वगैरे विशेषणं काढून टाका. ती सगळ्यांच्याच सीव्हीत असतात आणि कोणी वाचत नाही.

'तुमच्याबद्दल थोडं सांगा' म्हटल्यावर जन्मापासून सांगायचं का?

नाही. दोन ते तीन मिनिटं. मी कशा प्रकारची कामं करत आलो, त्यांतली दोन मोठी कोणती, आणि या जागेशी त्यांचा काय संबंध. एवढं झालं की थांबा. वरिष्ठ उमेदवार घसरतात ते इथेच. बोलत सुटतात, समोरचा घड्याळाकडे बघतो तेही दिसत नाही.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल या क्रमाने उत्तर द्या म्हणतात. ते वरच्या पदालाही चालतं का?

चालतं, पण त्यात एक पायरी घालावी लागते: कृतीच्या आधी पर्याय. ज्युनिअर माणसाने काय केलं हे पुरेसं असतं. तुमच्याकडून ऐकायचं असतं की दुसरं काय करता आलं असतं आणि ते का केलं नाहीत.

एक उत्तर जवळून बघू. प्रश्न होता, 'तोट्यातलं युनिट सांभाळल्याचा अनुभव?' उमेदवाराचं पहिलं उत्तर असं: 'आम्ही खर्चावर लक्ष केंद्रित केलं, टीमने खूप मेहनत घेतली आणि दोन वर्षांत युनिट नफ्यात आलं.' ऐकायला बरं वाटतं, पण यात माणूसच दिसत नाही. पॅनेलवरच्या एकीने विचारलं, 'यातलं तुम्ही काय केलंत?' तो म्हणाला, 'एकूण दिशा दिली.' तिने पुन्हा विचारलं, 'म्हणजे सोमवारी सकाळी काय?' तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तेच उत्तर नंतर असं झालं: 'युनिटमध्ये तीन उत्पादनं होती. दोन नफ्यात, तिसऱ्याने दोन्हींचा नफा खाल्लेला. ते बंद करणं, विकणं किंवा किंमत वाढवून बघणं असे तीन मार्ग होते. विक्रीप्रमुखाला किंमत वाढवायची नव्हती, त्याला सर्वांत मोठा ग्राहक जाण्याची भीती होती. मी आधी त्या ग्राहकाला स्वतः भेटलो, मग किंमत बारा टक्के वाढवली. तो ग्राहक गेलाच. पण बाकीचे राहिले, आणि पाचव्या तिमाहीत युनिट नफ्यात आलं. विक्रीप्रमुखाने मात्र सहा महिन्यांत राजीनामा दिला. त्याला मी आणखी आधी विश्वासात घ्यायला हवं होतं.'

ग्राहक गेल्याचं त्याने लपवलं नाही, म्हणून बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला. सभ्य माणसाला 'मी केलं' म्हणायला जड जातं हे खरं. पण श्रेय टीमला देण्यासाठीही आधी कोणी काय केलं ते वेगळं करून सांगावं लागतं.

प्रत्येकाला तेच प्रश्न, तेही कागदावरून वाचून. एवढ्या अनुभवी माणसाशी असं वागतात?

अपमान समजू नका, हे तुमच्या फायद्याचं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली कर्मचारी निवडीवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं. प्रत्यक्ष कामगिरीशी आखीव, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न विचारणाऱ्या, मुलाखतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५१ आणि मोकळ्याढाकळ्या गप्पांचा ०.३८ निघाला. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी गणितातल्या दुरुस्त्या सुचवल्या, तेव्हा हे आकडे ०.४२ आणि ०.१९ असे खाली आले, पण अंतर वाढलं आणि आखीव मुलाखत यादीत पहिली आली. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा संबंध दोन्हीकडे बराच दुबळा. 'माझी पंचवीस वर्षं बोलतील' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मला काढून टाकलं होतं. ते कसं सांगू?

दोन-तीन वाक्यांत, स्वतःहून आणि आवाज न बदलता. 'नव्या मालकांनी व्यवसायाची दिशा बदलली, माझं पद गेलं, मी मार्चमध्ये बाहेर पडलो.' किंवा 'सीईओचं आणि माझं विस्ताराच्या वेगावरून पटलं नाही. निर्णय त्यांचा होता.' पुढचं वाक्य तुम्हाला काय हवं आहे याबद्दल असावं. जुन्या साहेबाची निंदा अजिबात नको, ती अक्षरशः खरी असली तरी. समोरचा मनातल्या मनात स्वतःला त्या साहेबाच्या जागी ठेवून बघतो.

खोटं तर बोलूच नका. या पातळीवर सगळे सगळ्यांना ओळखतात आणि एका फोनवर कळतं.

सायकोमेट्रिक चाचणीची तयारी करता येते का?

यात बुद्धीच्या आणि स्वभावाच्या अशा दोन्ही चाचण्या येतात. आकडेमोड आणि तर्काच्या चाचण्यांचा सराव करता येतो, जरूर करा. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीत 'बरोबर' उत्तर शोधू नका. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली असते आणि विसंगती दिसून येते. वरिष्ठांसाठी वापरली जाणारी होगन डेव्हलपमेंट सर्व्हे ही चाचणी ११ मोजपट्ट्यांवर बघते की ताणाखाली तुमचे कोणते गुण अतिरेकाला जातात: आत्मविश्वासाचा अहंकार होतो, काटेकोरपणाचा जाच होतो. निकाल आला की पॅनेल त्यावरूनच प्रश्न विचारतं. तेव्हा वाद घालण्याऐवजी एखादं उदाहरण द्या आणि त्यावर लगाम कसा ठेवता ते सांगा.

पहिल्या शंभर दिवसांची योजना सादर करायला सांगितली आहे. कितपत ठाम राहू?

बाहेरून दिसतं तेवढ्यापुरतंच. चाळीस स्लाइडची योजना घेऊन येणारा उमेदवार घाबरवतो, कारण त्याने अजून एकाही कर्मचाऱ्याशी बोललेलं नसतं. पाच-सहा स्लाइड पुरतात: मला काय दिसतंय, कोणत्या गोष्टी आत आल्याशिवाय कळणार नाहीत, पहिल्या महिन्यात कोणाला भेटेन, कोणते निर्णय थांबवून चालणार नाही. आधीच्या कंपनीचा एकही अंतर्गत आकडा त्यात नको. आज त्यांचा आकडा इथे दाखवणारा उद्या आमचा दुसरीकडे दाखवेल, हा हिशोब कोणीही करतो.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात. काय विचारू?

इथे हात आखडता घेऊ नका. तुम्हीही मोठी जोखीम घेत आहात. माझ्या मते हे चार प्रश्न सुटूच नयेत: ही जागा रिकामी का झाली? आधीच्या माणसाला काय जमलं नाही? वर्षभराने तुम्ही मला कोणत्या दोन-तीन गोष्टींवर तोलाल? आणि आतल्या कोणाला ही जागा हवी होती का? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण उत्तर 'हो' असेल तर तो माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्या हाताखाली असणार आहे.

हेच प्रश्न वेगवेगळ्या लोकांना विचारा. सीईओ म्हणतो वाढ हवी, अध्यक्ष म्हणतात खर्च कमी हवा, एचआर म्हणतं संस्कृती बदलायची आहे. असं झालं तर त्या जागेवर कोणीही टिकणं कठीण.

घरी येऊन वार्षिक अहवाल वाचा, आणि नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. नफा वाढतोय पण कामकाजातून येणारी रोकड आटतेय का? ऑडिटर मध्येच बदलला का? संबंधित व्यक्तींशी (संचालक, त्यांचे नातलग, त्यांच्या इतर कंपन्या) झालेल्या व्यवहारांची टीप किती लांब आहे? सीएफओच्या जागेसाठी जाणाऱ्याने हे न वाचता गेलं तर मुलाखत तिथेच संपते.

माझा होणारा साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे.

त्याला अडचण वाटते ती तुमच्या वयाची नसते. तुम्ही ऐकाल का, ही असते. लहान वयाच्या वरिष्ठाच्या सांगण्यावरून मत बदललंत असा एखादा प्रसंग तयार ठेवा. 'आमच्या वेळी' हे शब्द टाळा.

रेफरन्स कोणाचे द्यावेत?

एक वरिष्ठ, एक बरोबरीचा, एक हाताखालचा. त्यांना आधी फोन करा, पद कोणतं आहे ते सांगा आणि कोणत्या कामाबद्दल विचारलं जाईल याची कल्पना द्या. पण तुम्ही दिलेल्या तीन नावांवर कोणी थांबत नाही. तुमच्यासोबत काम केलेल्या, यादीत नसलेल्या लोकांनाही गुपचूप फोन जातात. सध्याच्या कंपनीत तसा फोन जाऊ नये असं असेल तर पहिल्याच भेटीत हेडहंटरला स्पष्ट सांगा, आणि ईमेलवरही लिहून ठेवा.

पगाराचा विषय कोणी काढायचा?

त्यांना काढू द्या, पण तुमचा आकडा आधीच ठरलेला हवा. हेडहंटर पहिल्याच बोलण्यात विचारेल. तेव्हा किमान ते कमाल असा पट्टा सांगा आणि त्यात काय काय धरलं आहे तेही. काही देशांत आणि राज्यांत सध्याचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. जिथे विचारतात तिथे खरा सांगा, कारण कागद मागतात.

नुसत्या ठरावीक पगारावर घासाघीस करणं ही वरिष्ठांची नेहमीची चूक. सोडून येताना तुमचा हातचा बोनस बुडतो, शेअर्स अर्धवट राहतात. त्याची भरपाई मागणं रीतसर आहे आणि ती पगारवाढीपेक्षा सहज मिळते, कारण ती एकदाच द्यायची असते. शेअर्स मिळणार असतील तर ते किती वर्षांत हातात येतात, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी बाहेर पडलात तर काहीच मिळणार नाही का, हे विचारा. चार वर्षं आणि पहिल्या वर्षाची अट हा बऱ्याच ठिकाणचा साचा आहे.

ऑफर लेटर आलं. सही करण्याआधी काय बघू?

बाहेर पडण्याची कलमं. कंपनीने काढलं तर किती महिन्यांचा पगार, कंपनी विकली गेली तर तुमचं काय, दिलेला बोनस परत मागण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे का, स्पर्धकाकडे जायला किती महिने बंदी. संचालक म्हणून जात असाल तर संचालक आणि अधिकाऱ्यांच्या दायित्वाचा विमा आहे ना, हेही. नोकरी कायद्याच्या वकिलाला एकदा दाखवा. लग्नात घटस्फोटाचं बोलल्यासारखं वाटतं, पण ही कलमं बदलून घेण्याची ताकद तुमच्याकडे सहीच्या आधीच असते.

राजीनामा दिल्यावर सध्याची कंपनी पगार वाढवून देते आहे. थांबू का?

ज्या कारणाने निघालात ते पगार होतं का? नसेल तर काहीच बदललेलं नाही. आणि थांबलात तरी तुम्ही निघाला होतात हे कोणी विसरत नाही.

हे सगळं व्हायला किती वेळ लागतो?

महिने लागतात. तीन लवकर, सहा-नऊ नेहमीचे. मध्ये तीन-तीन आठवडे काहीच कळत नाही, कारण एखादा संचालक परदेशात असतो किंवा बजेट अडकलेलं असतं. दहा दिवसांनी एक छोटा निरोप पाठवा. रोज फोन नको. आणि सही होईपर्यंत दुसरीकडचं बोलणं थांबवू नका.

शेवटच्या दोघांत होतो, नकार आला. कारण विचारावं का?

विचारा, पण कंपनीला नव्हे, हेडहंटरला; आणि आठवडाभराने, ईमेलवर नव्हे, फोनवर. 'का नाही घेतलं' असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर येतं. 'त्यांना माझ्याबद्दल शंका कोणती होती?' असं विचारा. उत्तर आवडलं नाही तरी खुलासे करत बसू नका. ऐका, लिहून घ्या, आभार माना. निवडलेला माणूस कधीकधी रुजूच होत नाही, किंवा सहा महिन्यांत जातो. फर्मने बदली माणूस देण्याची हमी घेतलेली असेल, तर तिला त्याच यादीकडे पुन्हा वळावं लागतं, आणि तेव्हा पहिला फोन ज्याच्याशी बोलणं सोपं गेलं होतं त्याला जातो.